चिठ्ठी कुणी लिहिली? : खालून वर घडणारी रचना शिकवण्याचे काही खेळ



आजच्या व्याख्यानाचा विषय ऐकायला जड आहे. स्थापत्य-रोबोटिक्स, आणि त्यातली ‘बॉटम-अप’ रचना गटाने, हाताने काम करून कशी शिकवायची, हा तो विषय. परतूरसारख्या तालुक्याच्या गावात तो कशाला, असं दोघा-तिघांनी आम्हाला आधीच विचारलं. शिवाय तत्त्वज्ञान शिकवण्यात जन्म घालवलेल्या माणसाने यंत्रांच्या भानगडीत का पडावं, असाही प्रश्न आला. दोन्ही प्रश्न रास्त आहेत.

पहिल्याचं उत्तर सोपं आहे. हा विषय शिकवायला रोबोट लागत नाही. पंधरा-वीस माणसं, खडू, दोन फासे, चाळीस रिकाम्या काडेपेट्या, थोडे खडे, दोरा आणि एक पुठ्ठा एवढं पुरतं. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर असं, की ‘हे कुणी केलं?’ हा आमच्या शास्त्रातला फार जुना प्रश्न आहे, आणि तो प्रश्न विचारताना आपल्याकडच्या पंडितांनी चक्क वारुळाचं उदाहरण घेतलं होतं. तिथवर आपण यथावकाश पोहोचू.

आधी शब्द नीट समजून घेऊ

स्थापत्य-रोबोटिक्स म्हणजे ढोबळमानाने दोन गोष्टी. एक, यंत्रांनी इमारत बांधणं. दोन, इमारतीलाच यंत्राचे गुण देणं; म्हणजे सरकणाऱ्या भिंती, माणसाच्या गरजेप्रमाणे आकार बदलणारं फर्निचर, उन्हाप्रमाणे उघडझाप करणारं छत. दोन्हींत अडचण एकच येते. पुष्कळ सुटे भाग आहेत. त्यांतल्या प्रत्येकाने केव्हा काय करायचं, हे त्याला कोण सांगणार?

याची दोन उत्तरं आहेत. पहिलं उत्तर आपल्या ओळखीचं. एक नकाशा असतो, एक मिस्तरी असतो, आणि मिस्तरी सांगेल तसं बाकीचे करतात. 2011 साली फ्रान्समधल्या ओर्लेआँ शहरात उडत्या यंत्रांनी दीड हजार हलके ठोकळे रचून सहा मीटर उंचीचा मनोरा उभा केला. ग्रामाझिओ आणि कोहलर हे वास्तुरचनाकार आणि राफाएल्लो दांद्रेआ हे यंत्रज्ञ यांचं ते काम. दृश्य थक्क करणारं होतं. पण प्रत्येक ठोकळा कुठे बसणार हे आधीच ठरलेलं होतं. ही वरून खाली येणारी रचना.

दुसऱ्या उत्तरात पूर्ण नकाशा कुणाच्याच हातात नसतो. प्रत्येकाला फक्त आपल्या आजूबाजूचं दिसतं, आणि प्रत्येकाकडे एक छोटासा नियम असतो. सगळे आपापला नियम पाळतात आणि त्यातून आकार घडतो. ही खालून वर जाणारी रचना.

इथे एक गैरसमज हमखास होतो. ‘खालून वर’ म्हणजे पाया आधी आणि छत नंतर, असं मुलांना वाटतं. तसं ते नाही. दहीहंडीचे थर खालूनच लागतात, पण कुणी कुठल्या थराला चढायचं हे गोविंदांचं आधीच ठरलेलं असतं. म्हणजे रचना चढते खालून, आणि आज्ञा येते वरून. उलट रानातली पायवाट बघा. ती कुणीच आखत नाही. जिथे गवत थोडं दबलेलं दिसतं तिथूनच पुढचा माणूस जातो, त्यामुळे गवत आणखी दबतं, आणि महिन्याभरात वाट तयार. वाट आडवी पडलेली असली तरी आपल्या अर्थाने ती ‘खालून वर’ झालेली आहे.

आपल्या बांधावरचं वारूळ याच जातीचं. वाळवीत मुकादम नसतो. राणी असते, पण ती अंडी घालते, हुकूम सोडत नाही. 1959 साली पिएर-पॉल ग्रासे या फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञाने याला एक नाव दिलं, ‘स्टिग्मर्जी’. आपण त्याला ‘खुणेवरून काम’ म्हणू. एकीने ठेवलेला मातीचा कण हीच दुसरीला खूण, आणि तिने तिथे कण ठेवला की तिसरीला जास्त मोठी खूण. पुढच्या अभ्यासकांनी यात गंधाबरोबर ओलावा आणि पृष्ठभागाचं वळण यांचाही वाटा दाखवला आहे. पण मूळ मुद्दा तोच राहिला : काम करणाऱ्या एकमेकींशी बोलत नाहीत, त्या झालेल्या कामाशी बोलतात.

हार्वर्ड विद्यापीठात जस्टिन वर्फेल, कर्स्टिन पीटरसन आणि राधिका नागपाल यांनी हीच कल्पना यंत्रांत उतरवली. ‘टर्मिस’ या नावाचे छोटे रोबोट एकेक ठोकळा पाठीवर घेतात, रचलेल्या ठोकळ्यांवरच चढतात आणि पुढचा ठोकळा ठेवतात. त्यांचा कुणी म्होरक्या नाही, एकमेकांना निरोप नाहीत. समोर काय दिसतं तेवढ्यावर निर्णय. हे काम फेब्रुवारी 2014 मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालं. त्याच वर्षी नागपाल यांच्याच प्रयोगशाळेतून 1024 चिमुकल्या ‘किलोबॉट’ यंत्रांनी जमिनीवर ठरवलेले आकार धरल्याची बातमी आली.

नुसतं सांगून का भागत नाही?

एवढं ऐकल्यावर मुलं मान डोलावतात. ‘कळलं’ म्हणतात. आणि पाच मिनिटांनी विचारतात, ‘पण सर, सुरुवात कोणती मुंगी करते? तिला कोण सांगतं?’

हा मुलांचा दोष मानू नका. अमेरिकेतल्या मिचेल रेझनिक यांनी 1994 मध्ये कासवं, वाळवी आणि वाहतुकीची कोंडी यांवर एक पुस्तक लिहिलं. थवा दिसला की माणूस त्यात पुढारी शोधतो, या आपल्या सवयीला त्यांनी केंद्रनिष्ठ मनोवृत्ती म्हटलं. घरात वडीलधारे, वर्गात गुरुजी, कचेरीत साहेब. आपला सगळा अनुभवच असा, तर मन दुसरं काय शोधणार? ही सवय व्याख्यानाने सुटत नाही. कारण व्याख्यान स्वतःच वरून खाली येतं; आत्ता आम्ही बोलतोय आणि तुम्ही ऐकताय, तसंच. म्हणून माणसाला थोडा वेळ मुंगीच्या जागी उभं करावं लागतं. त्यासाठी खेळ.

पहिला खेळ : ढाल आणि आडवा

मोकळ्या पटांगणात पंधरा ते वीस जण गोल उभे करा. प्रत्येकाने मनातल्या मनात दोन माणसं निवडायची, एक ‘सोबती’ आणि एक ‘वैरी’. नावं कुणालाही सांगायची नाहीत. बोलायचं नाही, धावायचं नाही, फक्त चालायचं.

पहिल्या फेरीचा नियम : सोबत्याला ढाल करा. म्हणजे सोबती कायम तुमच्या आणि वैऱ्याच्या मध्ये राहील असे उभे राहा. टाळी वाजवा आणि बघा. काही क्षणांत गट फाकायला लागतो, पटांगणाच्या कडांपर्यंत पसरतो, आणि थांबायचं नावच घेत नाही.

दुसऱ्या फेरीत एकच बदल : आता तुम्ही आडवे व्हा. सोबती आणि वैरी यांच्या मध्ये स्वतः जाऊन उभे राहा. माणसं तीच, निवडही तीच. तरी तोच गट आता मधोमध गोळा होतो, खांद्याला खांदा लागतो.

मग विचारा : ‘पसरा’ असं कुणी म्हणालं होतं का? ‘जमा’ असं कुणी म्हणालं होतं का? कुणाच्याच नियमात पसरणं किंवा जमणं हा शब्द नव्हता. नियम एका वाक्याचा, त्यातला कोण कुणामध्ये एवढाच भाग फिरला, आणि सगळ्यांचा मिळून आकार उलटला. आणखी एक गोष्ट करून बघा. फेरीच्या आधी मुलांकडून अंदाज वदवून घ्या. नियम एका वाक्याचा असूनही त्याचा परिणाम आधी सांगणं किती अवघड आहे, हे त्यांना तिथेच कळतं.

दुसरा खेळ : काडेपेट्यांचं वारूळ

हा मुख्य खेळ. याला तासभर द्या.

फरशीवर खडूने सहा बाय सहा असा पट आखा, म्हणजे छत्तीस घरं. घरं काडेपेटी सपाट बसेल एवढी मोठी. चाळीस काडेपेट्या गटात वाटून टाका. एकेकाने यायचं, दोन फासे टाकायचे. एक फासा आडवी ओळ सांगतो, दुसरा उभी. आलेल्या घराशी चिठ्ठीवरचा नियम पाळून एक काडेपेटी ठेवायची आणि बाजूला व्हायचं. चर्चा नाही, सल्ला नाही.

पहिली चिठ्ठी : फासा सांगेल त्या घरात ठेवा, तिथे आधीच काडेपेटी असेल तर तिच्यावर ठेवा. चाळीस काडेपेट्या संपल्या की पटावर नुसता पसारा दिसतो. कुठे एक, कुठे दोन, आणि हिशेबाने सरासरी बारा घरं रिकामी. आकार असा काही नाही. हे दाखवणं गरजेचं आहे, कारण पुष्कळांना वाटतं की भरपूर जण काहीही करत राहिले की रचना ‘होऊनच जाते’. तशी ती होत नाही.

दुसरी चिठ्ठी : फासा सांगेल ते घर आणि त्याच्या भोवतालची आठ घरं बघा. त्यांत सगळ्यात उंच चवड असेल तिच्यावर ठेवा. दोन सारख्या उंच असतील तर कुठलीही निवडा. सगळीच घरं रिकामी असतील तर फाशाच्या घरात ठेवा.

आता चित्र पालटतं. सुरुवातीला इकडेतिकडे एकेक काडेपेटी पडते, आणि मग जी आधी पडली तिच्यावरच पुढच्या येत राहतात. मोजके मनोरे उभे राहतात. आणि नीट बघितलं तर आणखी एक गोष्ट दिसते : कुठलेही दोन मनोरे एकमेकांना चिकटलेले नसतात, कोपऱ्यालासुद्धा नाही. प्रत्येक मनोऱ्याभोवती रिकामी जागा राहते. मंडळी, ही गल्ली आहे. ‘गल्ली सोडा’ असं चिठ्ठीवर कुठेही लिहिलेलं नाही.

ती का पडते, हे मुलांनाच शोधू द्या. उत्तर असं, की रिकाम्या घरात काडेपेटी तेव्हाच पडते जेव्हा शेजारची आठही घरं रिकामी असतात. शेजारी कुणी असेल तर ती त्याच्यावर जाते. म्हणजे नवा मनोरा जुन्याला खेटून सुरूच होऊ शकत नाही. यातून पुढचा हिशेब निघतो. पटाचे दोन बाय दोन घरांचे नऊ तुकडे करा. एका तुकड्यात एकाहून जास्त मनोरे मावत नाहीत, म्हणून नऊपेक्षा जास्त मनोरे कधीच होणार नाहीत. आणि चाळीस काडेपेट्या नवांत वाटल्या तर किमान एक मनोरा पाच थरांचा होणारच. फासे कसेही पडोत. प्रत्येक काडेपेटी कुठे पडेल हे कुणी सांगू शकत नाही, पण सगळ्यांचं मिळून काय होईल यातलं बरंच काही छातीठोकपणे सांगता येतं. खालून वर जाणारी रचना म्हणजे बेशिस्त, असं ज्यांना वाटतं त्यांना हा हिशेब फळ्यावर करून दाखवावा.

तिसरी चिठ्ठी : दुसऱ्या चिठ्ठीचाच नियम, पण एक जोड. काडेपेटी ठेवल्यावर ती चवड बाजूच्या चार घरांपैकी कुठल्याही घरापेक्षा एकाहून जास्त थरांनी उंच होत असेल, तर तिथे ठेवू नका. त्यांतल्या सगळ्यात बुटक्या घराकडे जा आणि तिथेही हीच तपासणी करा. जागा मिळेपर्यंत उतरत राहा.

मनोरे गेले. त्यांच्या जागी तीन-चार थरांच्या टेकड्या झाल्या, सगळीकडून पायऱ्या असलेल्या. टर्मिसच्या रोबोटला एका वेळी एकच ठोकळा उंची चढता-उतरता येते. या टेकडीवर असं यंत्र कुठल्याही घरातून कुठल्याही घरात जाऊ शकतं. मात्र पायऱ्या आल्या तशी गल्ली गेली. एका सोयीसाठी नियम वाढवला की दुसरी सोय न सांगता निघून जाते. हे नुकसान कुणाच्याही हातून ‘झालं’ असं दिसत नाही, कारण प्रत्येकाने नियम पाळलेलाच असतो.

तिसरा खेळ : मुकादम आणि चिठ्ठी

आता दोन गट करा. एकाकडे काडेपेट्यांच्या मनोऱ्याचा काढलेला नकाशा आणि एक मुकादम. तो सांगेल तिथेच ठेवायचं. दुसऱ्या गटाकडे फक्त दुसरी चिठ्ठी. शर्यत लावा. मुकादमाचा गट सरळ जिंकतो. लवकरही होतं आणि नकाशाबरहुकूमही होतं. हे लपवू नका. काय हवं ते पक्कं माहीत असेल आणि वाटेत विघ्न येणार नसेल, तर नकाशासारखं दुसरं साधन नाही.

मग दुसरी फेरी. काम अर्ध्यावर असताना मुकादमाला बाहेर बोलवा, आणि दोन्ही पटांवरचा एकेक मनोरा हाताने पाडून त्या काडेपेट्या पुन्हा वाटून द्या. मुकादमाचा गट एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसतो. चिठ्ठीवाल्या गटात काही फरक पडत नाही. फासे पडत राहतात, आणि मनोरे पुन्हा वाढतात, कदाचित जागा थोडी बदलून. एखादं मूल मध्येच पाणी प्यायला गेलं तरी काम थांबत नाही. माणसाचा हात जिथे पोहोचत नाही, निरोप जिथे पोहोचत नाही, तिथल्या बांधकामासाठी संशोधक हा मार्ग का शोधतात, हे इथे समजावून सांगावं.

चौथा खेळ : उलटा

खरी रचनाकाराची परीक्षा इथे आहे. आता गटाला आकार सांगा आणि नियम लिहायला लावा. ‘मध्ये रिकामं अंगण आणि भोवती भिंत हवी. चिठ्ठी चार ओळींची, आणि मुंगीला शेजारची आठच घरं दिसतात.’ लिहून झालेली चिठ्ठी दुसऱ्या गटाला द्या. लिहिणाऱ्यांनी लांबून बघायचं, तोंडातून शब्द काढायचा नाही.

इथे फार गंमत येते आणि शिकायलाही फार मिळतं. एक गट लिहितो, ‘मधलं घर सोडून ठेवा.’ मुंगीला मध्य कुठे आहे हे कसं कळणार? दुसरा गट लिहितो, ‘भिंत पूर्ण झाली की थांबा.’ पूर्ण झाली हे आठ घरं बघणाऱ्याला कसं दिसणार? आपल्याला सगळा पट दिसतो, म्हणून आपण नकळत तो मुंगीच्या डोळ्यांत घालतो. शेवटी एखादा गट अंगणाच्या जागी आधीच एक उलटी वाटी ठेवायची परवानगी मागतो, म्हणजे ‘वाटीच्या शेजारी ठेवा’ असं लिहिता येईल. ही परवानगी आनंदाने द्यावी. जमिनीत एक खूण पेरणं हीही रचनाच. टर्मिसमध्येसुद्धा हवा तो आकार आधी संगणकाला देतात, आणि त्या आकारापर्यंत नेणारे वाटेचे नियम संगणक काढून देतो. रचनाकार तिथून नाहीसा झालेला नाही. तो आकार रेखाटायचा, आता नियम लिहितो, एवढाच बदल.

पाचवा खेळ : माळवद

इथवर सगळं काडेपेट्यांचं होतं. आता आपल्या घरांकडे येऊ.

आपल्या मराठवाड्यातलं जुनं घर खणाखणांनी वाढायचं. लाकडी खांब, तुळया, वर आडवी लाकडं, त्यावर माती, ते माळवद. उन्हाळ्यात गार, रात्री झोपायला वर मोकळं. पावसाळ्यात गळलं की लोक काय करायचे? वर मातीचा आणखी एक थर द्यायचे. नियम एका ओळीचा : ‘गळलं की माती टाका.’ बापाने पाळला, मुलाने पाळला. दर वेळी तो बरोबरच ठरला, कारण गळती थांबायची. पण पिढ्यांमागून पिढ्या गेल्या आणि कित्येक घरांवर दीड-दोन फूट, काही ठिकाणी त्याहून जाड माती साठली.

30 सप्टेंबर 1993 ची पहाट. अनंत चतुर्दशीचं विसर्जन करून लोक झोपले होते. किल्लारीच्या भूकंपात लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत सुमारे आठ हजार माणसं गेली. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती फुटल्या, त्यावर माळवदाचं ओझं. पुष्कळ ठिकाणी खणांचा लाकडी सांगाडा तग धरून होता आणि भिंती ढासळल्या, असं पाहणी करणाऱ्या अभियंत्यांनी नोंदवलं आहे. म्हणजे सगळा दोष छताचाच असं नाही. पण एवढं वजन डोक्यावर घ्यायचं, असं एकाही घराने कधी ठरवलं नव्हतं. ते वजन खालून वर, एकेका पावसाळ्याने जमलं होतं.

खेळ असा. दोन विटांवर पुठ्ठ्याची लांब पट्टी आडवी ठेवा. पट्टीच्या मध्याला दोरा बांधून त्याला मणी लावा, मणी जमिनीपासून दोन बोटं वर राहील असा. पहिल्या फेरीत दोऱ्यापुढे कागदाचा आडोसा करा. एकेकाने येऊन चिठ्ठी उचलायची. ‘गळतं’ निघालं तर पट्टीवर एक खडा ठेवायचा, ‘गळत नाही’ निघालं तर परत जायचं. प्रत्येक जण योग्य तेच करतो. आणि एका क्षणी पुठ्ठा दुमडतो. शेवटचा खडा ज्याने ठेवला त्याच्याकडे सगळे बघतात. तिथे थांबा आणि विचारा, दोष त्याचा का?

दुसऱ्या फेरीत आडोसा काढा आणि नियमात एक ओळ घाला : ‘मणी जमिनीला टेकला असेल तर आधी दोन खडे काढा, मग एक ठेवा.’ म्हणजे जुनी माती खरवडा, मगच नवी टाका. पुठ्ठा वाकतो पण मोडत नाही. तो दोरा म्हणजे मिस्तरीच्या ओळंब्याचा भाऊच. सगळ्या छताची हकिकत तो एकट्यादुकट्या मुंगीपर्यंत पोहोचवतो. यंत्रांच्या भाषेत त्याला सेन्सर म्हणतात. खालून वर जाणाऱ्या रचनेत असा दोरा कुठे बांधायचा, हे ठरवणं नियम लिहिण्याइतकंच महत्त्वाचं आहे.

आणि याची दुसरी बाजूही सांगायलाच हवी. भूकंपानंतर बावन्न गावं नव्या जागी वसवली गेली. पुष्कळ ठिकाणी सरळ रेषा, रुंद रस्ते, एका मापाची घरं. वरून खाली आलेला नकाशा. सुरक्षितता आली, पण जुनी गल्ली, आळी, ओसरी त्या नकाशात मावली नाही. मग लोकांनी हळूहळू आपापल्या भिंती घातल्या, पडव्या काढल्या, नकाशाला आपल्या नियमांनी भरत नेलं. दोन्ही वाटांचा धडा आपल्याच मातीत असा लिहिलेला आहे.

वारूळ आणि कुंभार

आता आमचं जुनं घर, म्हणजे तत्त्वज्ञान. नैयायिकांचा एक प्रसिद्ध युक्तिवाद आहे : घडा दिसला की आपण कुंभाराचं अनुमान करतो, जग हेही घडवलेलं कार्य आहे, तेव्हा त्यालाही कर्ता असला पाहिजे. उदयनाचार्यांनी ‘न्यायकुसुमांजली’त या विचाराला फार बळकट रूप दिलं. पण त्यांच्याही आधी, सातव्या शतकाच्या सुमाराला, बौद्ध पंडित धर्मकीर्तीने ‘प्रमाणवार्तिका’त या युक्तिवादाला अडवलं होतं. त्याचं म्हणणं असं : मातीची वस्तू दिसली की कुंभार, असं धरलंत तर वारूळही कुंभाराने केलं म्हणावं लागेल. तेही मातीचंच आहे ना?

आम्हाला हा वाद आज पुन्हा ताजा वाटतो. वारुळापुरती धर्मकीर्तीची बाजू बरोबर आहे; तिथे आकारामागे कुंभार नाही. पण रोबोटच्या थव्याच्या बाबतीत हे उत्तर जसंच्या तसं उचलता येत नाही. वाळवीचा नियम निसर्गात लाखो वर्षांत घडला. रोबोटचा नियम कुणीतरी एका टेबलावर बसून लिहिला. आकाराला कुंभार नसेल, चिठ्ठीला आहे.

हे आम्ही एवढं ठासून का सांगतो? कारण ‘आपोआप झालं’ हा शब्द फार सोयीचा आहे. बाजारातला रस्ता अरुंद झाला, ‘आपोआप झाला’. प्रत्येक दुकान फक्त वीतभर पुढे आलं होतं. अर्थशास्त्रज्ञ थॉमस शेलिंग यांनी 1971 मध्ये दाखवून दिलं, की आपल्यासारखे थोडे शेजारी असावेत एवढी सौम्य इच्छा असली तरी वस्त्या टोकाच्या विभागल्या जाऊ शकतात. दोन प्रकारची नाणी घेऊन हा खेळ आपल्या पटावरही करता येतो. पण तो खेळून झाल्यावर कुणी म्हणालं, की गावकुसाबाहेरच्या वस्त्याही अशाच आपोआप झाल्या असतील, तर तिथेच थांबवा. कुणी कुठे राहायचं, कुठल्या विहिरीवर पाणी भरायचं नाही, याची चिठ्ठी होती. ती लिहिणारे होते, ती मोडणाऱ्याला शिक्षाही होती. लादलेल्या रचनेला उगवलेली रचना म्हणणं हा नुसता तर्कदोष नाही, तो अन्याय आहे. रचनेकडे बघून ती कुठली हे ओळखता येत नाही. त्यासाठी चिठ्ठ्या शोधाव्या लागतात.

शिकवणाऱ्यांसाठी दोन शब्द

पाचही खेळ एका दिवसात बसवू नका. पहिला आणि दुसरा एका बैठकीत, तिसरा आणि चौथा दुसऱ्या, माळवदाचा खेळ तिसऱ्या. प्रत्येक फेरीआधी अंदाज लिहून घ्या, फेरीनंतर पटाचं चित्र वहीत काढायला लावा. खेळ चालू असताना तुम्हीही बोलू नका. गुरुजींचा एक ‘अरे तिथे नाही’ आणि खेळ वरून खाली झाला. ज्या शाळेत संगणक आहे तिथे नंतर हेच नियम संगणकावर चालवून बघावेत, आधी नको. हाताला कळलेलं डोक्यात टिकतं.

आणि एक प्रथा आवर्जून पाडा. चौथ्या खेळात जो गट चिठ्ठी लिहील त्याने चिठ्ठीच्या मागे सर्वांच्या सह्या करायच्या. आकार बिघडला की काडेपेटी ठेवणाऱ्यावर ओरडायचं नाही. चिठ्ठी उलटी करायची, सह्या वाचायच्या आणि त्यांना नियम सुधारायला बसवायचं. उद्या हीच मुलं घरं बांधणाऱ्या यंत्रांचे नियम लिहितील, किंवा नगरपरिषदेत बसून गावाचे. त्या वेळी ‘यंत्राने केलं’, ‘लोकांनीच केलं’ असं म्हणायची सोय त्यांना वाटू नये, एवढी सवय शाळेत लागली तरी पुष्कळ झालं.

काडेपेट्या गोळा करायला आजपासून लागा. आपल्या गावात खेळ करून बघा, पटांची चित्रं जपून ठेवा, आणि मुलांचे जे प्रश्न तुम्हाला अडवतील ते आम्हाला कळवा. पुढचं व्याख्यान त्या प्रश्नांवरच घेऊ.